धुळीचा लिलाव

दिवाळी जवळ आली म्हणजे घरोघरचे माळे मोकळे होऊ लागतात. फुटक्या कढया, गंजलेल्या सायकली, शेगड्या, बंद पडलेला रेडिओ असा सगळा संसार अंगणात येतो आणि हातगाडीवाला भंगारवाला तराजू काढतो. या माणसाचा एक मोठा गुण आहे. तो लोखंड लोखंडाच्या भावाने घेतो आणि पितळ पितळेच्या भावाने. कढई आजेसासूबाईंच्या हातची आहे म्हणून तो दोन रुपये जास्त देणार नाही, आणि तिच्यावर चार बोटे धूळ चढली आहे म्हणून तर मुळीच देणार नाही. उलट धूळ झटकून मगच वजन करील.

पण जगात दुसराही एक बाजार आहे, आणि तिथे धुळीला भाव आहे. 'तीस वर्षे वखारीत ठेवलेली इंग्लिश बनावटीची जुनी मोटार विकणे आहे. गाडी सध्या चालत नाही. रंग, कातडी बैठका व इंजिन मूळचे. धूळ मुद्दाम पुसलेली नाही,' अशा थाटाच्या जाहिराती विलायतेत सर्रास निघतात. हे लोण आता मुंबई-पुण्याच्या श्रीमंतांपर्यंतही आले आहे. जुनी मोटार हौसेने चालवणाऱ्या माणसाशी माझे भांडण नाही. हौसेला मोल नसते हे मी जाणतो. माझे भांडण आहे ते या नव्या धर्माशी, की जो म्हणतो, वस्तू वापरू नका, दुरुस्त करू नका, कुणाला दाखवू नका, नुसती कोंडून ठेवा, म्हणजे तिचे मोल वाढेल. आणि या कोंडण्यालाच 'वारसा जपणे' असे गोंडस नाव देतो.

वाचकहो, प्रथम ही मोटार म्हणजे काय चीज असते ते पाहू. मोटारींत 'ग्रँड टूरिंग' नावाची एक जात आहे. नावातच तिचा धर्म सांगितला आहे: मोठा प्रवास. दोन माणसे आणि त्यांच्या पेट्या घेऊन एका देशातून दुसऱ्या देशात वेगाने जायचे, आणि पोहोचल्यावर अंग आंबलेले असता कामा नये, अशासाठी बांधलेली ही गाडी. या जातीतले सर्वांत गाजलेले नाव जॅग्वारच्या ई-टाइपचे. १९२२ साली ब्लॅकपूल गावी विल्यम लायन्स नावाच्या तरुणाने एका भागीदाराबरोबर मोटारसायकलींना जोडायच्या साइडकार बनवण्याचा धंदा काढला, त्या रोपट्याचे हे झाड. १५ मार्च १९६१ रोजी जिनिव्हा येथे ई-टाइप जगापुढे आली. तिची कथा मोठी बोलकी आहे. '९६०० एचपी' या क्रमांकाची पहिली गाडी कारखान्याच्या माणसाने इंग्लंडातून रस्त्याने पळवत जिनिव्हाला नेली आणि ती जेमतेम वेळेवर पोहोचली. बसून पाहणाऱ्यांची गर्दी इतकी उसळली, की लायन्सने कॉव्हेंट्रीला निरोप धाडला: दुसरी गाडी रातोरात आणा. नॉर्मन ड्यूइस या चाचणी-चालकाने '७७ आरडब्ल्यू' ही गाडी रात्रभर हाकून सकाळी हजर केली. ई-टाइपचा जन्मोत्सव हा असा, रात्रभराच्या प्रवासाने झालेला.

तिच्या पोटात ३.८ लिटरचे सहा नळकांड्यांचे इंजिन होते. त्या इंजिनाच्या कुळाची पहिली कल्पना महायुद्धाच्या काळात, कारखान्याच्या छपरावर आगीची राखण करत बसलेल्या अभियंत्यांच्या गप्पांतून निघाली होती. चारही चाकांना डिस्क ब्रेक, मागच्या दोन चाकांना स्वतंत्र झोके, आणि वेग ताशी दीडशे मैलांच्या घरात. किंमत मात्र २,१०० पौंडांच्या आसपास, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे अठ्ठावीस हजार रुपये. तेवढाच वेग देणाऱ्या इतर गाड्यांच्या मानाने ही किंमत इतकी कमी होती, की लोकांनी तोंडात बोटे घातली. १९७४ पर्यंत अशा बहात्तर हजारांहून अधिक गाड्या बांधल्या गेल्या. माल्कम सेयर या विमानाच्या कारखान्यातून आलेल्या गणितज्ञ कारागिराने तिचा आकार वाऱ्याच्या हिशेबाने काढला आणि तो इतका देखणा उतरला, की न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने १९९६ साली एक ई-टाइप आपल्या संग्रहात घेतली. ती सुंदर आहे, यात वादच नाही. आणि २००८ साली टाटा मोटर्सने जॅग्वार व लँड रोव्हर हे दोन्ही धंदे फोर्डकडून २३० कोटी डॉलरना विकत घेतल्यापासून तर या सौंदर्याचा सातबारा मुंबईच्या नावावर चढला आहे. तेव्हा 'तुम्हाला परक्याच्या मोटारीची उठाठेव कशाला?' असे कुणी म्हणू नये.

आता ही प्रवासाची गाडी वखारीत कोंडली म्हणजे तिचे काय होते? धनिकांची समजूत अशी, की झाकून ठेवली म्हणजे ती जशीच्या तशी राहते. कोणत्याही गॅरेजातल्या पोऱ्याला विचारा, तो हसेल. टाकीतले पेट्रोल उडून जाते आणि मागे वार्निशासारखा चिकट थर उरतो. तो कार्ब्युरेटरची बारीक भोके बुजवतो. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषून घेते आणि आतून सिलिंडर गंजवते. रबराच्या वायसरी कडक होऊन तडकतात. गाडी एकाच जागी उभी राहिल्याने टायर एका अंगाला चपटे होतात. पिस्टनच्या कड्या नळकांड्याला धरून बसतात. उंदीर तारा कुरतडतात आणि बैठकीच्या कापसात घर करतात. ई-टाइपचा मधला सांगाडा तर पत्र्याच्याच पेट्यांचा. त्या पेट्यांत ओल शिरली म्हणजे वरून रंग झळकत असतो आणि आतून तळ पोखरत असतो. धावणारी गाडी झिजते हे खरे. पण तिची झीज दिसते, कळते आणि भरून काढता येते. उभ्या गाडीची झीज गुपचूप होते.

आमच्या घरच्या बायकांना हे शास्त्र मोटारवाल्यांच्या आधीपासून ठाऊक आहे. ठेवणीतली पैठणी वर्षातून दोनदा तरी बाहेर काढतात, सावलीत वारा देतात, आणि मुख्य म्हणजे घडी बदलून ठेवतात; नाहीतर घडीवर रेशीम चिरते. ती ठेवणीतली असते, पण मंगळागौरीला आणि लक्ष्मीपूजनाला नेसायची म्हणून ठेवलेली असते. कधीच नेसायची नाही अशी पैठणी ट्रंकेत ठेवणारी बाई आमच्याकडे शहाणी समजली जात नाही.

मग शहाणे धनिक हे का करतात? कारण धुळीला भाव मिळू लागला. १९३७ सालची एक बुगाटी, मूळची ब्रिटिश शर्यतवीर अर्ल हो यांची, न्यूकॅसलच्या एका गॅरेजात सुमारे पन्नास वर्षे उभी होती. तिच्या मालकाच्या निधनानंतर ती बाहेर आली आणि फेब्रुवारी २००९ मध्ये पॅरिसच्या लिलावात चौतीस लाख युरोंना गेली. सहा वर्षांनी, फेब्रुवारी २०१५ मध्ये, त्याच शहरात याच्यावर कडी झाली. पश्चिम फ्रान्समधल्या एका वाडीवर छपराखाली आणि झाडोऱ्यात पडलेल्या एकोणसाठ मोटारी लिलावात आल्या. काहींचे पत्रे कुजून खाली बसले होते. लिलाववाल्यांनी त्या तशाच, धूळ न पुसता, दिव्यांच्या झोतात मांडल्या. लोकांनी रांगा लावून दर्शन घेतले. जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली सापडलेली एक फेरारी एकटी एक कोटी साठ लाख युरोंच्या वर गेली आणि सगळा बाजार अडीच कोटी युरोंच्या घरात. भंगारवाला धूळ झटकून वजन करतो. या मंडळींनी धूळच वजनात धरली!

यातली मेख लक्षात घ्या. ज्या माणसाने गाडी तेलपाणी करून, मिस्त्रीला पैसे देऊन, ऊन-पावसात चालवून टिकवली, त्याच्या गाडीला पुष्कळदा कमी भाव येतो, कारण तिचा भाग बदललेला, रंग नवा! आणि ज्याने तिच्याकडे चाळीस वर्षे ढुंकून पाहिले नाही, त्याच्या आळसाला 'अस्पर्शित' म्हणून बक्षीस मिळते. निगराणीला दंड आणि हयगयीला मान! शाळेत मी असा निकाल लावला, वर्षभर वही न उघडणाऱ्या मुलाला 'याची वही कोरी करकरीत आहे' म्हणून पहिला नंबर दिला, तर पालक मला गावाबाहेर काढतील. लिलावघरात मात्र याच निकालाला रसिकता म्हणतात.

आपल्या मराठी मुलखाचे यातले उदाहरण द्यायचे तर इंदूरच्या होळकरांचे द्यावे लागेल. यशवंतराव होळकर दुसरे (१९०८–१९६१) हे मोठे आधुनिक रुचीचे राजे. एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून त्यांनी १९३०च्या सुमारास माणिकबाग राजवाडा बांधून घेतला. खुर्च्या, दिवे, गालिचे सगळे युरोपातल्या नामांकितांकडून. मोटारींचा शौक तर असा, की अमेरिकेच्या ड्यूसेनबर्गचा सांगाडा घेऊन त्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांकडून दोन माणसांपुरते अंग चढवून घेतले आणि त्याला नारिंगी व काळा रंग दिला. वस्तू अपूर्व होती, यात शंका नाही. पण पुढे काय झाले? ती गाडी अमेरिकेत गेली. १९७१ साली सव्विसाव्या घटनादुरुस्तीने राजेरजवाड्यांचे तनखे बंद झाले आणि ठिकठिकाणच्या राजवाड्यांतले सामान बाहेर पडू लागले. माणिकबागेतले सामान १९८० साली थेट मोनॅको येथे लिलावात निघाले, आणि राजवाडा सरकारी कर-खात्याच्या कचेरीकडे गेला. ब्रांकुशी या शिल्पकाराकडून महाराजांनी 'अवकाशातील पक्षी' घेतले होते. त्यांच्यासाठी इंदुरात मंदिर बांधायचे ठरले, ते कधीच उभे राहिले नाही. त्यांतले काळे आणि पांढरे असे दोन पक्षी आता ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत. ज्या माळव्याच्या रयतेच्या साऱ्यावर हे सगळे उभे राहिले, त्या रयतेच्या नातवंडांना ते पाहायचे असेल तर पारपत्र काढावे लागेल!

आम्हा खानदेशवाल्यांना यात फुशारकी मारता येते ती एवढीच, की १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांचा सातपुड्याखालचा मुलूख इंग्रजांकडे गेला, त्यामुळे त्या ड्यूसेनबर्गच्या पेट्रोलात आमचा सारा नव्हता. पण याच होळकरांच्या घराण्यातल्या एका बाईची ठेव पाहा. अहिल्याबाईंनी महेश्वरला घाट बांधले, काशीत विश्वनाथाचे देऊळ उभे केले, वाटावाटांवर विहिरी आणि धर्मशाळा केल्या. अहिल्याबाई १७९५ साली गेल्या. महेश्वरच्या घाटावर आजही लोक स्नान करतात, धुणी धुतात, दिवे सोडतात. त्या पायऱ्या झिजल्या आहेत, आणि ती झीज हाच त्यांचा दाखला आहे. त्या घाटाचा लिलाव करून तो मोनॅकोला नेता येत नाही. एकाच घराण्याच्या या दोन ठेवी. लोकांच्या हाती कोणती उरली, हे वाचकांनीच ठरवावे.

यावर कोणी म्हणेल, राजे गेले, राजवाडे गेले. आता लोकशाही आहे. लोकशाहीचा कायदाही पाहू. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी खास नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेल्या आणि मूळ रूप फारसे न बदललेल्या दुचाकी-चारचाकींना 'व्हिंटेज' हा किताब. नव्याने नोंदणी करायची तर वीस हजार रुपये फी, दहा वर्षांची मुदत आणि 'व्हीए' अक्षरांची पाटी. अट एवढीच, की ती गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरायची नाही. प्रदर्शन, मिरवणूक, संशोधन, दुरुस्ती नि पेट्रोल एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जुन्या गाड्या मोडीत काढण्याचे धोरणही आले. आणि १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षे झालेल्या खासगी मोटारीच्या फेरनोंदणीची फी सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेली.

हे दोन नियम शेजारी ठेवून वाचा. पंधराव्या वर्षी गाडी म्हणजे धुराडे, देशाला भार, मोडीत काढण्याजोगी. पन्नासाव्या वर्षी तीच गाडी राष्ट्राचा ठेवा! धुराचा मुद्दा मी नाकारत नाही. जुने इंजिन जास्त धूर ओकते आणि मुलांच्या छातीत तो जाऊ नये, हे मास्तराला कोणी शिकवायला नको. पण पंधरापासून पन्नासपर्यंतची ही मधली पस्तीस वर्षे गाडीने काढायची कुठे? ज्याच्याकडे कोरडी वखार आहे, जागेचे भाडे भरायची ऐपत आहे आणि त्या गाडीवाचून ज्याचे अडत नाही, त्याच्याकडेच. पारोळा रस्त्याला भाजी वाहणाऱ्याची गाडी रोज राबते म्हणून ती पन्नाशी गाठणारच नाही. म्हणजे म्हातारपणाचा मान कुणाला, तर ज्याने तारुण्यात काम केले नाही त्याला! कायद्याने हे मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. पण परिणाम हाच आहे, आणि तो कुणी बोलून दाखवत नाही.

आता आक्षेपकांकडे वळू. पहिला आक्षेप ठरलेला: 'हा गरीब मास्तराचा मत्सर आहे.' असेना का! मत्सरी माणसाचे गणित चुकतेच असे नाही. बेरीज तपासा आणि चूक दाखवा.

दुसरा आक्षेप अधिक धारदार, आणि तो आमच्या अमळनेरकरांनाच उद्देशून आहे. २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांनी अमळनेरात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी काढली. गावातल्या अनेक साध्या माणसांनी तिचे थोडेथोडे भाग घेतले आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिले. पुढे त्या कंपनीची विप्रो झाली आणि ते कागद लाखा-कोटींचे ठरले. 'मग तुम्ही केले ते शहाणपण आणि मोटार ठेवणाऱ्याचे ते पाप?' असा हा प्रश्न आहे. उत्तर असे: ट्रंकेत होता तो नुसता कागद. कंपनी काही ट्रंकेत नव्हती. कारखान्याचे धुराडे पेटलेले होते, शेंगदाण्याचे तेल गाळले जात होते, साबण बनत होते, पुढे संगणकाचे काम सुरू झाले. पिढ्यान् पिढ्या माणसे राबत होती. कागदाचे मोल वाढले ते या राबण्याने. वखारीतल्या मोटारीमागे असे कोण राबते? तिचे मोल वाढते ते केवळ दुसरा श्रीमंत अधिक वेडा निघेल या भरवशावर. शेअरचा कागद हा चालत्या गाडीचा वाटा होता; बंद गाडी कुणाचाच वाटा नाही.

तिसरा आक्षेप मात्र मी मानाने ऐकतो. तो असा: 'संग्राहक नसते तर या गाड्या केव्हाच वितळून गेल्या असत्या. त्यांनी ठेवल्या म्हणून उरल्या.' हे खरे आहे. मघाशी सांगितलेली '९६०० एचपी', जिनिव्हाची ती पहिली ई-टाइप, हीसुद्धा एका जाणकाराकडे कित्येक वर्षे सुट्या भागांत पडून होती. पण त्याने ती धुळीसकट विकली नाही. विसावे शतक संपता संपता ती पुन्हा बांधून घेतली आणि रस्त्यावर आणली. असा संग्राहक भेटला तर मी त्याला नमस्कार करीन. भेद गाडी कोण ठेवतो यात नाही. कशासाठी ठेवतो आणि शेवटी ती कुणाला दिसते, यात आहे. अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, लष्कराचे रणगाडा संग्रहालय १९९४ पासून आहे. तिथे रोल्स-रॉइसची सिल्व्हर घोस्ट जातीची चिलखती मोटार उभी आहे. शाळेची सहल घेऊन जा, तिकीट काढा, मुलांना दाखवा: राजेरजवाड्यांच्या आवडत्या कारखान्याने महायुद्धात काय बनवले ते. मुंबईच्या प्राणलाल भोगीलालांनी जमवलेल्या शेकडो गाड्याही लोकांसाठी मांडल्या गेल्या; त्या अहमदाबादजवळ काठवाडा येथे आहेत. चांगलेच झाले, पण महाराष्ट्राने त्यातून थोडी लाज घ्यायला हरकत नाही.

आणि ठेवण्याची खरी रीत शिकायला आम्हाला विलायतेत जायला नको. आमच्या अमळनेरात संत सखाराम महाराजांचा रथ आहे. वैशाख शुद्ध एकादशीला तो निघतो. जळगावला श्रीरामाचा रथ १८७२ पासून कार्तिकी एकादशीला निघतो. हा अंक आपल्या हाती असेल तेव्हा तो दिवस दूर नसेल. रथ म्हणजेसुद्धा वाहनच, आणि वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस ते जागेवरच असते. पण एका दिवसासाठी वर्षभर त्याची काळजी घेतात. सुतार जोड तपासतो, लोहार धावा पाहतो. रथाला ना सुकाणू ना ब्रेक. तो वळवायचा आणि थांबवायचा तर धावत्या चाकाखाली लाकडी मोगरी सारावी लागते, आणि ते काम सरावलेल्या हातांचे आहे. चुकले तर चाक पायावरून जाईल. ही विद्या कोणत्या पुस्तकात नाही. ती दरवर्षी रथ निघतो म्हणून टिकली आहे. तो रथ उद्या काचेच्या पेटीत घालून 'अस्पर्शित' ठेवला, तर लाकूड राहील, पण पंचवीस वर्षांत मोगरी लावणारा माणूस उरणार नाही.

खरा धोका आहे तो इथे. मोटार ही शेवटी वस्तू. तिचा नकाशा असला तर ती पुन्हा घडवता येते. जॅग्वारच्या कारखान्याने २०१७ पासून जुन्या ई-टाइप गोळा करून नव्यासारख्या बांधून द्यायला सुरुवात केली. सुरुवातीची किंमत २,८५,००० पौंड, म्हणजे सव्वादोन कोटी रुपयांच्या पुढे. ही किंमत पत्र्याची नाही. तीन कार्ब्युरेटरांचा सूर कानाने ऐकून जुळवणाऱ्या, त्या पत्र्याला हातोडीने गोलाई देणाऱ्या हातांची आहे. तिथे असे हात शोधून, शिकवून, पगार देऊन टिकवतात. आमच्याकडे हे हात आहेत. लिस्टर आणि रस्टनची इंग्रजी तेल-इंजिने आमच्या विहिरींवर आणि जिनांत पिढ्यान् पिढ्या चालवली ती कुणी? सुटा भाग मिळत नसताना तो खराद्यावर कातून काढला तो कुणी? ज्या मिस्त्रीने पंचक्रोशीतली इंजिने आवाजावरून ओळखली, त्याचा मुलगा आज मोबाइलच्या दुकानात काच चिकटवतो, कारण बापाच्या विद्येला गिऱ्हाईक नाही. आणि ज्याच्या वखारीत जुनी मोटार कुजते आहे, तो त्या मिस्त्रीला हात लावू देत नाही. का, तर गाडीचे 'अस्पर्शितपण' जाईल!

म्हणून नुसता राग काढून थांबणे बरे नाही. मागणे स्पष्ट सांगतो. ज्या गाडीला सरकार वारसा म्हणून मान देते, तिच्या मालकाने वर्षातून काही दिवस ती चालत्या स्थितीत लोकांना दाखवली पाहिजे. मान फुकट मिळू नये. जुन्या यंत्रांची दुरुस्ती हा विषय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत शिकवला जावा आणि शिकवायला म्हातारे मिस्त्री बोलवावेत, मग त्यांच्याकडे कागद असो वा नसो. वारशाच्या यादीत राजाच्या मोटारीबरोबर शेतातले तेल-इंजिन, जिनातला रेचा, एस. टी.ची जुनी गाडी आणि मास्तराची राजदूतही येऊ द्यावी. आणि जिल्ह्याच्या गावी एक साधी शेड असावी, जिथे शनिवारी मुलांनी एक जुने इंजिन खोलावे आणि पुन्हा जोडावे. एका धुळकट ई-टाइपच्या किमतीत अशा शेडचा बराचसा खर्च निघेल.

ज्यांच्याकडे वखारीत गाड्या आहेत, त्यांना दिवाळीच्या शुभेच्छा देऊन एवढेच सांगतो: कुलूप काढा, जवळच्या मिस्त्रीला बोलवा आणि शेजारच्या पोरांना बघायला उभे करा. इंजिन पहिल्या दिवशी सुरू होणार नाही. दुसऱ्या दिवशीही कदाचित नाही. पण तिसऱ्या दिवशी त्या पोरांतले एखादे स्वतः पाना मागील, आणि त्या क्षणी तुमच्या मोटारीला जो वारस मिळेल तो पॅरिसच्या लिलावात मिळणारा नाही.